वड्याचे तेल वांग्यावर : आयुष्यातले बदल, राग आणि फोनवरचे समुपदेशन

भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवून उठणाऱ्या माणसाचे भांडण बहुतेक वेळा मिठाशी नसते. तीन महिन्यांपूर्वी तो निवृत्त झालेला असतो, किंवा मुलगी लग्न होऊन परगावी गेलेली असते, किंवा कंपनीने पुण्याहून चेन्नईला बदली केलेली असते. बदल एकीकडे घडतो आणि राग दुसरीकडेच निघतो. 'वड्याचे तेल वांग्यावर' ही म्हण घराघरांत वापरली जाते. मानसशास्त्रातही या प्रकाराची दखल फार पूर्वीच घेतली गेली आहे. त्रास मात्र ज्याच्यावर तेल सांडते त्याला होतो, आणि तो बहुधा घरातला सर्वांत जवळचा किंवा सर्वांत दुबळा माणूस असतो.

अशा रागासाठी कोणी डॉक्टरकडे जात नाही. 'आमच्याकडे सगळ्यांचाच राग नाकावर', 'त्यांचा स्वभावच तापट' असे म्हणून घर तो सोसते. मनोविकार विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढून रांगेत बसायचे म्हटले की 'मला काय वेड लागलंय का?' हा प्रश्न आडवा येतो. गेल्या काही वर्षांत मात्र एक मधला रस्ता तयार झाला आहे. फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून घरबसल्या समुपदेशन मिळते. ते खरेच उपयोगी पडते का, कोणाला पडते आणि कोणासाठी ते पुरेसे नाही, हे समजून घेतले पाहिजे.

आनंदाच्या बदलाचाही ताण

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातले थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी प्रसिद्ध केली. प्रत्येक घटनेनंतर माणसाला स्वतःची घडी किती बदलावी लागते, याला त्यांनी गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, नोकरी जाण्याला ४७, निवृत्तीला ४५, मुलगा किंवा मुलगी घर सोडून जाण्याला २९ आणि राहते घर बदलण्याला २० गुण. या यादीत लग्नालाही ५० गुण आहेत. म्हणजे बदल सुखाचा असला तरी शरीर आणि मन त्याची किंमत मोजतातच.

ही मोजपट्टी आता जुनी झाली. एकच घटना दोन माणसांना सारखी जड जात नाही, हा त्यावरचा आक्षेपही रास्त आहे. पण तिने मांडलेली मूळ गोष्ट टिकून आहे. बदल एकटे येत नाहीत. जुनी चाळ पाडून टॉवर उभा राहतो, त्याच वर्षी सून घरात येते आणि त्याच वर्षी सासरे निवृत्त होतात. प्रत्येक बदल वेगवेगळा झेपला असता, पण तिन्हींची बेरीज झेपत नाही.

अशा बदलानंतर काही काळ झोप उडणे, कशात मन न लागणे, चिडचिड होणे हे स्वाभाविक आहे. ते प्रमाणाबाहेर गेले आणि कामात, नातेसंबंधांत अडथळे येऊ लागले, तर वैद्यकशास्त्र त्याला 'अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर' म्हणते. नव्या परिस्थितीशी जुळवून घेताना मनाची झालेली ही ओढाताण असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ताज्या वर्गीकरणानुसार ही लक्षणे साधारणतः घटनेनंतर महिन्याभरात सुरू होतात. ताणाचे कारण संपल्यावर ती बहुतेकांत सहा महिन्यांत ओसरतात. या काळात गोळ्यांपेक्षा बोलण्याचा, म्हणजे समुपदेशनाचा, वाटा मोठा असतो.

पुरुषांच्या बाबतीत इथे एक गफलत होते. रडणे, 'मला एकटे वाटते' असे म्हणणे हे त्यांना लहानपणापासून वर्ज्य असते. राग तेवढा चालतो. त्यामुळे दुःख, भीती, अपमान, रिकामपण या सगळ्यांना बाहेर पडायला एकच दार उरते. नैराश्याचे अनेक रुग्ण उदास चेहऱ्याने नव्हे, तर तिरसटपणाने ओळखू येतात.

रागात शरीरात काय घडते?

मेंदूतील अमिग्डला हा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो. अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात येते, नाडी आणि रक्तदाब वाढतात, श्वास उथळ होतो, जबडा आणि मुठी आवळल्या जातात. मागचापुढचा विचार करणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग त्या वेळी मागे पडतो. 'डोक्यात राख घालून घेतली' असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके हेच झालेले असते. म्हणून भडकलेल्या माणसाला त्या क्षणी युक्तिवादाने समजावणे सहसा फुकट जाते.

हृदयावरही याचा परिणाम होतो. २०१४ मध्ये 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये आलेल्या एका आढाव्यात, रागाच्या तीव्र उद्रेकानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीपेक्षा पावणेपाच पटीच्या आसपास वाढलेला दिसला. एखाददुसऱ्या उद्रेकाने निरोगी माणसाचा प्रत्यक्ष धोका अगदी थोडाच वाढतो. पण ज्याला आधीच उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे आणि जो दिवसातून तीनदा भडकतो, त्याच्यासाठी हा हिशेब वेगळा होतो. २०२४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी २८० निरोगी प्रौढांवर एक प्रयोग केला. राग आणणारी जुनी आठवण केवळ आठ मिनिटे आठवायला सांगितल्यावर रक्तवाहिन्यांची प्रसरण पावण्याची क्षमता घटली, आणि हा परिणाम ४० मिनिटांपर्यंत टिकला. कोणाशी भांडण झाले नव्हते, समोर कोणी नव्हते. नुसत्या आठवणीने हे घडले.

'एकदाचा राग काढून टाका' हा सल्ला चुकीचा

उशीवर ठोसे मारा, जोरात ओरडा, मन मोकळे होईल, असा सल्ला सर्रास दिला जातो. संशोधन याच्या उलट सांगते. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ६०० महाविद्यालयीन विद्यार्थी होते. आधी त्यांना चिडवण्यात आले. मग काहींना, ज्याने चिडवले त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितले. त्यांचा राग सर्वांत जास्त राहिला. काहीच न करता नुसते बसून राहिलेल्यांचा राग त्यांच्यापेक्षा कमी होता.

बुशमन आणि त्यांच्या सहकारी सोफी क्यारविक यांनी २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत दहा हजारांहून अधिक लोक सहभागी होते. दीर्घ श्वसन, ध्यान, स्नायू शिथिल करणे, योग अशा शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी राग कमी झाला. शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत तो कमी झाला नाही, आणि जॉगिंगने तर काहीसा वाढलेला दिसला. धावणे प्रकृतीला चांगलेच आहे. पण मनात भांडण घोळवत धावणे हा रागावरचा इलाज नव्हे.

राग दाबून ठेवा, असाही याचा अर्थ नाही. राग ही माहिती आहे. कुठेतरी अन्याय झाला, हद्द ओलांडली गेली किंवा काही हातातून निसटले, हे तो सांगतो. ती माहिती भांडी न आपटता समोरच्यापर्यंत पोहोचवणे हे शिकावे लागते, आणि ते शिकता येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रेमंड नोवाको यांनी १९७० च्या दशकात रागासाठी शिस्तबद्ध प्रशिक्षणाची पद्धत मांडली. शरीराची खळबळ, मनातला विचार आणि प्रत्यक्ष वागणे या तिन्ही ठिकाणी तिच्यात काम केले जाते. आजचे बहुतेक कार्यक्रम याच पायावर उभे आहेत.

फोनवर नेमके काय होते?

समजा, जिल्हा परिषदेतून ५८ व्या वर्षी निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. कार्यालयात त्यांच्या सहीशिवाय फाइल हलत नसे. आता सकाळी दहा वाजता ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहतात आणि गॅस मोठा का ठेवला, यावरून वाद सुरू होतो. मुलाने नंबर लावून दिला म्हणून ते नाइलाजाने समुपदेशकाशी बोलायला बसतात.

पहिल्या सत्रात उपदेश नसतो. समुपदेशक आधी स्वतःची ओळख आणि पात्रता सांगतो, संमती घेतो. समोरचा माणूस आत्ता कुठे बसला आहे, खोलीत आणखी कोणी आहे का, कॉल तुटला तर कोणत्या क्रमांकावर लावायचा, अडचणीच्या वेळी घरातल्या कोणाला कळवायचे, हे विचारून घेतो. प्रत्यक्ष भेटीत या प्रश्नांची गरज नसते, ऑनलाइन भेटीत ती असते. मग झोप, भूक, दारू, तंबाखू, चालू औषधे, जुने आजार यांची चौकशी होते. जगण्याचा कंटाळा आला आहे का, हेही थेट विचारले जाते. असे विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, विचारल्यामुळे माणूस बोलता होतो.

यानंतर गृहपाठ मिळतो, तो म्हणजे रागाची वही. राग केव्हा आला, कुठे, त्याच्या आधी काय घडले, मनात कोणता विचार आला, शरीरात काय जाणवले, दहापैकी किती गुणांचा राग होता, त्यानंतर काय केले आणि तासाभराने काय वाटले. दोन आठवडे ही वही इमानाने लिहिली की तिच्यातून एक नक्षी दिसू लागते. या गृहस्थांच्या वहीत जवळजवळ सगळे भडके सकाळी दहा ते साडेअकरा या वेळेतले निघतात. चाळीस-एक दिवसांपूर्वीपर्यंत याच वेळी ते कार्यालयात खुर्चीवर बसत असत.

"काका, त्या क्षणी मनात नेमकं काय आलं?" समुपदेशक विचारतो.

"ती म्हणाली, जरा बाजूला व्हा. मला वाटलं, हिला आता माझी अडचण व्हायला लागली."

कळीचा मुद्दा हा असतो. गॅसची ज्योत निमित्तमात्र होती. 'या घरात माझी किंमत राहिली नाही' या विचाराने राग पेटवला. मग तो विचार तपासून पाहिला जातो. त्याला पुरावा काय? दुसरा अर्थ निघू शकतो का? पत्नीच्या बाजूने पाहिले, तर बदल तिच्याही आयुष्यात झाला आहे. तीस वर्षे सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत ते घर तिच्या एकटीच्या हुकमतीत होते. तिने राजीनामा दिलेला नाही, आणि तिच्या कार्यालयात मात्र एक नवा साहेब येऊन बसला आहे. हे उमगले की रागाची धार आपोआप बोथट होते. याला विचारांची फेरमांडणी म्हणतात. सकारात्मक विचार करा, असा पोकळ सल्ला इथे कोणी देत नाही.

दुसरे कौशल्य शरीराचे. श्वास सावकाश घेणे आणि घेण्यापेक्षा सोडणे अधिक लांबवणे. हा सराव राग आल्यावर नव्हे, तर शांत असताना रोज दहा मिनिटे करायचा असतो. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

तिसरे कौशल्य 'विराम' घेण्याचे. राग दहापैकी सहाच्या वर चालला की माणसाने तिथून उठायचे, पण दार आपटून नव्हे. "मला आत्ता नीट बोलता येणार नाही, अर्ध्या तासाने बोलू," असे सांगून उठायचे. त्या अर्ध्या तासात दारू नाही, गाडी चालवणे नाही, आणि 'आता परत गेल्यावर असे ऐकवतो' ही मनातली उजळणीही नाही. सांगितलेल्या वेळी परत येणे बंधनकारक. परत न येणे म्हणजे अबोला, आणि तो रागाचाच दुसरा प्रकार. हा करार घरच्यांना आधी सांगून ठेवावा लागतो, नाहीतर 'बोलतेय तर उठून चाललात' म्हणून दुसरे भांडण जुंपते.

चौथा भाग प्रत्यक्ष प्रश्न सोडवण्याचा. दिवसाचे वेळापत्रक, पैशांचा मेळ, घराबाहेर जाण्याचे एक ठिकाण, 'तू नेहमी' ऐवजी 'मला असे वाटले' ने वाक्य सुरू करण्याची सवय. हे सारे साधारण आठ ते बारा सत्रांत बसते. एका फोनमध्ये राग जात नाही, आणि तसे आश्वासन देणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये.

ऑनलाइन उपचारांचा पुरावा

समोरासमोर बसून जे साधते ते पडद्यावरून साधते का? नेमका रागावरच झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील हवाई बेटांवर राहणाऱ्या, युद्धातील आघातानंतर मानसिक त्रास सोसणाऱ्या १२५ माजी सैनिकांना राग-नियंत्रणाचे गटउपचार देण्यात आले. काहींना प्रत्यक्ष आणि काहींना व्हिडिओद्वारे. राग कमी होण्यात व्हिडिओचा गट मागे राहिला नाही. फरक एका बाबतीत दिसला. गट चालवणाऱ्या तज्ज्ञाशी जुळलेले नाते प्रत्यक्ष भेटणाऱ्यांना अधिक घट्ट वाटले. नैराश्य, चिंता आणि अशाच इतर तक्रारींवर इंटरनेटद्वारे दिलेल्या, तज्ज्ञाची साथ असलेल्या उपचारांची प्रत्यक्ष उपचारांशी तुलना करणाऱ्या २० अभ्यासांचा आढावा २०१८ मध्ये निघाला. त्यातही दोहोंचा परिणाम जवळपास सारखाच आढळला.

यातला 'तज्ज्ञाची साथ' हा भाग महत्त्वाचा आहे. नुसते अ‍ॅप डाउनलोड करून दिले तर बहुतेक लोक काही दिवसांत ते उघडायचे थांबतात. संगणकाशी गप्पा मारणारी चॅटबॉट माध्यमेही आता हाताशी आहेत. रात्री दोन वाजता मन मोकळे करायला ती बरी वाटतात. पण ती बोलणाऱ्याच्या आवाजातला कंप ओळखून शेजाऱ्याला बोलावू शकत नाहीत, आणि पुष्कळदा बोलणाऱ्याच्याच सुरात सूर मिसळतात. संतापलेल्या माणसाला 'तुमचेच बरोबर' असे म्हणणारा सल्लागार नको असतो.

गरज मोठी, हात थोडे

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले. आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून होते. महाराष्ट्रात पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग आहेत. पण गडचिरोली किंवा नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावरून समुपदेशनासाठी दर आठवड्याला जिल्ह्याच्या ठिकाणी येणे म्हणजे दर वेळी एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे. पोटापाण्याच्या हिशेबात ते बसत नाही.

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, 'टेली-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक. सेवा चोवीस तास आणि मोफत आहे आणि मराठीसह २० भाषांत मिळते. फोन लावल्यावर भाषा निवडायची. पहिल्या पायरीवर प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज भासली तर दुसऱ्या पायरीवरच्या मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या रुग्णालयाकडे पाठवले जाते. बंगळुरूची 'निम्हान्स' ही संस्था या जाळ्याचे मुख्य केंद्र आहे. त्याआधीपासून, २०१२ सालापासून, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा फोन आणि ईमेलद्वारे समुपदेशन देत आली आहे. खासगी समुपदेशक आणि कंपन्यांच्या सेवाही पुष्कळ आहेत, पण त्यांचा दर्जा सारखा नाही.

परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसांनाही हा मार्ग जवळचा वाटतो. नोकरी गेल्यावर येणारा संताप न्यू जर्सीत बसून इंग्रजीत सांगण्यापेक्षा मराठीत सांगणे सोपे जाते. मात्र अमेरिकेत, रुग्ण ज्या राज्यात बसला आहे तिथला परवाना उपचार करणाऱ्याकडे असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. संकटाच्या वेळी मदतही तिथलीच धावून येणार. त्यामुळे मायदेशातल्या समुपदेशकाशी बोलताना स्थानिक आपत्कालीन क्रमांक आणि जवळच्या माणसाचे नाव आधीच देऊन ठेवावे.

फोनवर भागत नाही तेव्हा

प्रत्येक राग मनातूनच येतो असे नाही. साठीनंतर एखाद्या शांत माणसाचा स्वभाव अचानक बदलला, तो शिवीगाळ करू लागला किंवा लाजलज्जा सोडून वागू लागला, तर आधी डॉक्टरने प्रत्यक्ष तपासले पाहिजे. स्मृतिभ्रंशाच्या काही प्रकारांत विसरण्याआधी स्वभाव बदलतो. न्हाणीघरात घसरून डोक्याला लागलेल्या किरकोळ वाटणाऱ्या मारानंतर, काही आठवड्यांनीही मेंदूभोवती साचलेले रक्त चिडचिड आणि गोंधळ निर्माण करू शकते. थायरॉईडचा अतिरेक, मधुमेहाच्या औषधांनी अचानक उतरलेली साखर, स्टेरॉइडच्या गोळ्या, फिट्सवरची काही औषधे, रात्री घोरून तुटणारी झोप ही सारी रागाची कारणे असू शकतात. रोज दारू पिणाऱ्याने ती एकाएकी थांबवली आणि त्याला कापरे भरले, भास होऊ लागले, तर ती रुग्णालयात दाखल करण्याची वेळ असते, समुपदेशनाची नव्हे. अतिउत्साह, झोपेची गरज कमी होणे, बेफाम खर्च आणि त्याबरोबर येणारा संताप हे उन्मादाचे लक्षण असू शकते. त्याला औषधेच लागतात. टेलिमेडिसिनच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार काही औषधे ऑनलाइन लिहून देता येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. राग आणि मारहाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साहेबासमोर, पोलिसासमोर तोंडातून ब्र न काढणारा माणूस घरी येऊन बायकोवर हात उगारतो, तेव्हा त्याचा 'ताबा सुटलेला' नसतो. कुठे सोडायचा, हे त्याने निवडलेले असते. अशा घरात पती-पत्नीला एकाच पडद्यासमोर बसवून समुपदेशन करणे धोक्याचे ठरू शकते. ती काही बोलली, तर कॉल संपल्यावर तिला त्याची शिक्षा मिळते. समुपदेशकाला पडद्याच्या चौकटीबाहेर कोण उभे आहे, ते दिसत नाही. म्हणून जाणकार समुपदेशक दोघांशी आधी स्वतंत्रपणे बोलतो आणि 'घरात तुम्हाला भीती वाटते का?' हे हो-नाहीत उत्तर देता येईल अशा रीतीने विचारतो. मारहाण होत असेल तर पहिला प्रश्न सुरक्षिततेचा. त्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा आहे, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. 'तो रागाचे समुपदेशन घेतोय' या आश्वासनावर तिला त्याच घरात थांबायला सांगणे योग्य नाही.

भिंतीला कान

ऑनलाइन समुपदेशनाची सर्वांत साधी अडचण जागेची आहे. दोन खोल्यांच्या घरात सुनेबद्दलचा राग सुनेच्याच दाराआड कसा सांगायचा? यावर लोकांनी आपापले उपाय शोधले आहेत. कोणी सोसायटीच्या गच्चीवर जाते, कोणी उभ्या गाडीत बसते, कोणी शेताच्या बांधावर. कानात इअरफोन घातला की निदान समोरच्याचे बोलणे तरी बाहेर जात नाही. घरात फोन एकच आणि तोही पतीच्या खिशात असेल, तर आशाताईंच्या किंवा आरोग्य केंद्राच्या मदतीने बोलणे जास्त सुरक्षित. ऐकू कमी येणाऱ्या ज्येष्ठांसाठी प्रत्यक्ष भेटच बरी.

गोपनीयता हा केवळ सभ्यतेचा भाग नाही, तर कायद्याचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळण्याचा आणि माहिती गुप्त राहण्याचा, असे दोन्ही हक्क दिले आहेत. जीवाला धोका असेल अशा ठरावीक परिस्थितीतच त्याला अपवाद आहे, आणि तो अपवाद चांगला समुपदेशक पहिल्याच दिवशी सांगतो. एखादी सेवा रेकॉर्डिंग करते का, चॅट कुठे साठवते, हे विचारण्यात संकोच बाळगू नये.

फोन लावण्याआधी

• पात्रता विचारा. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्राचे शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि तोच औषध देऊ शकतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. 'लाइफ कोच' ही वैद्यकीय पदवी नाही.

• एका वाक्यात उद्दिष्ट ठरवा. 'स्वभाव बदलायचा आहे' यापेक्षा 'मुलांवर ओरडणे थांबवायचे आहे' हे मोजता येते.

• गेल्या सहा महिन्यांत आयुष्यात काय काय बदलले, त्याची यादी करून समोर ठेवा. रागाचा उगम पुष्कळदा त्याच कागदावर सापडतो.

• चालू औषधांची नावे आणि अलीकडचे रक्ताचे अहवाल जवळ असू द्या.

• तीन-चार सत्रांनंतर उद्रेकांची संख्या, तीव्रता किंवा शांत व्हायला लागणारा वेळ यांपैकी काहीच बदलले नसेल, तर तसे स्पष्ट सांगा. पद्धत किंवा समुपदेशक बदलणे हा अपमान नव्हे.

• मरण्याचे किंवा मारण्याचे विचार येत असतील, हातात हत्यार असेल, भास होत असतील, तर पुढच्या सत्राची वाट पाहू नका. ११२ ला फोन करा किंवा थेट जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

घरच्यांचाही यात वाटा आहे. भडकलेल्या माणसाला त्या क्षणी 'बघा, आता समुपदेशकाला सांगते' असे टोमणे मारू नयेत. त्याने अर्ध्या तासाचा विराम मागितला तर तो द्यावा. तो परत येऊन शांतपणे बोलला, तर त्याची दखल घ्यावी. मात्र त्याचा राग सोसत राहणे ही घरच्यांची जबाबदारी नाही. ज्याला राग येतो तो फोन लावायला तयार नसेल, तर १४४१६ वर घरचे स्वतःसाठीही बोलू शकतात. रोज तेल अंगावर सांडून घेणाऱ्या माणसालाही मदतीची तेवढीच गरज असते.